विंटेज धाटणीची गिटार निवडताना: आधी नेक, मग टॉप

विंटेज धाटणीची इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हटलं की नजर आधी टॉपवर, म्हणजे बॉडीच्या दर्शनी लाकडावर, जाते. सनबर्स्ट रंगाखाली (मध्ये फिका, कडेला गडद) मेपलच्या लाटा चमकत असतात आणि त्या बघता बघता मनातल्या मनात निवड होऊनही जाते. पण वाजवताना टॉप समोरच्याकडे तोंड करून असतो. तुमच्या तळव्यात असतो तो नेक, म्हणजे गिटारची लांब मान, पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत. शिवाय नेकचा आकार ही बदलायला सर्वांत अवघड गोष्ट आहे. तारा, पिकअप (तारांची कंपनं टिपणारे भाग), खुंट्या, ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार) सगळं नंतर बदलता येतं. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, त्याही नव्या बसवता येतात. जाड नेक तासून पातळ करता येतो, पण मग पॉलिश पुन्हा करावं लागतं, आणि पातळ नेक जाड कधीच होत नाही. म्हणून इथला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी नेक, मग टॉप.

पायरी १: धाटणी कुठल्या सालाची, ते विचारा

नुसत्या ‘विंटेज’ या शब्दातून काहीच कळत नाही. कुठल्या गिटारची आणि कुठल्या सालाची धाटणी, हे कळलं तरच पुढचं बोलणं होऊ शकतं. या प्रकारातल्या बहुतेक गिटार दोन घराण्यांतल्या असतात. एक फेंडरचं: १९५० साली ब्रॉडकास्टर या नावानं आलेली आणि पुढच्याच वर्षी टेलिकास्टर झालेली गिटार, मग १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर. दुसरं गिब्सनचं: १९५२ ची लेस पॉल, १९५८ ची ईएस-३३५, आणि १९६१ साली आलेला दोन टोकदार शिंगांचा पातळ आकार, जो पुढे एसजी म्हणून ओळखला गेला.

दोन्ही घराण्यांत हाताला जाणवणारे तीन फरक आहेत. फेंडरची स्केल, म्हणजे नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज हे तारेचं कंपन पावणारं अंतर, साडेपंचवीस इंच म्हणजे ६४८ मिमी. गिब्सनची पावणेपंचवीस इंच म्हणवली जाते, सुमारे ६२८ मिमी. त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या तर गिब्सनवर त्या थोड्या सैल लागतात आणि बेंड, म्हणजे तार आडवी ओढून सूर चढवणं, सोपा जातो. दुसरा फरक फ्रेटबोर्डच्या, म्हणजे नेकवरच्या बोटं टेकवायच्या फळीच्या, गोलाईचा. जुन्या फेंडरची गोलाई सव्वासात इंच त्रिज्येची, म्हणजे चांगलीच फुगीर. गिब्सनची १२ इंचांची, म्हणजे जवळजवळ सपाट. फुगीर बोर्डवर कॉर्ड धरायला बोटांना सुख वाटतं, पण तारा खूप खाली बसवलेल्या असतील तर वरच्या फ्रेटवरचा मोठा बेंड मध्येच गुदमरतो, कारण ओढलेली तार बोर्डच्या उंचवट्याला भिडते. तिसरा फरक जोडणीचा. फेंडरचा नेक मेपलचा आणि स्क्रूंनी बसवलेला, गिब्सनचा महॉगनीचा आणि डिंकानं कायमचा चिकटवलेला. नवशिक्यासाठी हा तिसरा फरक महत्त्वाचा आहे: फेंडर धाटणीच्या गिटारवर नेक अगदीच जमला नाही तर दुसरा बसवायची सोय राहते. गिब्सन धाटणीत पहिला निर्णय हाच शेवटचा.

पायरी २: नेकच्या आकारांची ओळख करून घ्या

नेक आडवा कापला तर जो छेद दिसेल, त्यावरून इंग्रजी अक्षरांची नावं पडली आहेत. सी म्हणजे सारखी गोल पाठ, ना फार भरीव ना फार सपाट. आजच्या बहुतेक गिटारवर हाच असतो. डी म्हणजे पाठ थोडी चपटी आणि दोन्ही कडा भरलेल्या. यू म्हणजे कडा जवळजवळ सरळ खाली येणाऱ्या आणि पाठ खोल. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीचे टेलिकास्टरचे नेक या जातीचे, हातात धरल्यावर दांडकंच धरल्यासारखं वाटतं. व्ही म्हणजे पाठीच्या मध्यावर कणा. हा कणा टोकदार असतो किंवा गोलसर, आणि गोलसर असेल तर त्याला सॉफ्ट व्ही म्हणतात. १९५५ ते १९५७ च्या सुमारास फेंडरच्या कितीतरी नेकवर हा व्ही आढळतो. १९६० च्या आसपास तेच नेक बारीक झाले आणि १९६३-६४ च्या सुमारास पुन्हा थोडे भरले.

गिब्सनकडे अक्षरांऐवजी सालं चालतात. सनबर्स्ट लेस पॉल १९५८ ते १९६० या तीनच वर्षांत बनली, आणि तिच्या नेकबद्दल बोलताना ‘अठ्ठावनचा’ म्हणजे जाड, ‘एकोणसाठचा’ म्हणजे भरलेला पण खांदे थोडे उतरलेला, आणि ‘साठचा’ म्हणजे पातळ असं समीकरण रूढ आहे. याचा उपयोग आहे, पण त्यावर फार विसंबू नका. ते नेक कारागिरांनी फिरत्या घासपट्ट्यावर घासून हातानं घडवले होते, त्यामुळे एकाच वर्षातल्या दोन गिटारही सारख्या नसतात. १९६० च्या सुरुवातीच्या कित्येक गिटारवर अजून जाडच नेक आहे. आज एखादी कंपनी ‘एकोणसाठचा नेक’ म्हणते तेव्हा तिनं कुठल्या तरी एका जुन्या गिटारवरून किंवा स्वतःच्या सरासरीवरून तो बेतलेला असतो. दोन कंपन्यांचे ‘एकोणसाठ’ हाताला वेगळे लागले तर गोंधळून जाऊ नका.

अक्षरांचा आणखी एक घोटाळा इथेच सांगून टाकतो, कारण जुन्या गिटारच्या वर्णनांत तो सारखा दिसतो. साठच्या दशकात फेंडर नेकच्या टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, ए, बी, सी, डी अशी अक्षरं उमटवायचं. ती नटची रुंदी सांगतात, पाठीचा आकार नाही. ए दीड इंच, बी एक इंच आणि पाच अष्टमांश, सी पावणेदोन इंच. म्हणजे ‘सी नेक’ असं टाचेवर लिहिलेला नेक पाठीनं सी असेलच असं नाही.

पायरी ३: अक्षर विसरा, दोन मापं घ्या

नेकची खरी तुलना आकड्यांत होते. कॅलिपर असेल तर पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी फ्रेटबोर्डच्या पृष्ठभागापासून पाठीपर्यंतची जाडी मोजा. हे दोन आकडे वहीत लिहिले की दहा वेगवेगळ्या नावांच्या नेकमध्ये तुलना करता येते. अंदाजासाठी: ‘साठच्या’ पातळ गिब्सन नेकची जाडी पहिल्या फ्रेटला साधारण २० मिमी आणि बाराव्याला २२ मिमी असते. ‘पन्नाशीच्या’ गोल नेकची पहिल्याला सुमारे २३ आणि बाराव्याला २५ मिमी. आधुनिक सी यांच्या मधे, २१ आणि २३ च्या आसपास. फरक दोन-तीन मिलिमीटरचाच, पण हाताला तो फार मोठा वाटतो, आणि तसा वाटणं योग्यच आहे. बोटं असे फरक अचूक ओळखतात.

तरीही जाडी म्हणजे सगळं नाही. जाडी तीच असूनही खांदे, म्हणजे फ्रेटबोर्डच्या कडेपासून पाठीकडे वळणारा भाग, भरलेले असतील तर नेक मोठा वाटतो आणि उतरलेले असतील तर लहान. म्हणूनच २३ मिमीचा सॉफ्ट व्ही कित्येकांना २१ मिमीच्या डीपेक्षा हलका वाटतो. आणि नटची रुंदी पाहायला विसरू नका. विंटेज फेंडरवर ती ४१-४२ मिमी, गिब्सनवर ४३ मिमी. जाड बोटांना हा एक मिलिमीटर ओपन कॉर्डमध्ये लगेच कळतो, शेजारची तार दबते की मोकळी राहते एवढा फरक त्यानं पडतो.

पायरी ४: हातानं तपासा, कानानं नाही

पहिल्या फेरीत अॅम्प बंदच ठेवा. आवाज सुरू झाला की लक्ष आवाजाकडे जातं आणि हाताची तक्रार ऐकू येत नाही. बसून सुरुवात करा आणि नंतर पट्टा लावून उभं राहून तेच पुन्हा करा, कारण उभं राहिल्यावर मनगटाचा कोन बदलतो आणि बसून गोड वाटलेला नेक उभ्यानं अवघड होऊ शकतो.

पहिल्या तीन फ्रेटवर ओपन कॉर्ड बदलत राहा. मग एफचा बारे कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा दाबून धरायचा) धरून ठेवा आणि अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या गादीत काय होतंय ते बघा. ताण नेमका तिथे येतो. मग पाचव्या ते दहाव्या फ्रेटमध्ये बेंड करा, एकदा अंगठा नेकच्या मागे ठेवून आणि एकदा वरून अडकवून. तुमचा हात यांपैकी कुठल्या पद्धतीनं आपोआप जातो, हीच सर्वांत उपयोगी माहिती आहे. अंगठा वरून अडकवणाऱ्यांना व्ही आणि उतरलेल्या खांद्यांचे नेक बहुधा जमतात, कारण कणा तळव्याच्या खोबणीत बसतो. अंगठा मागे, नेकच्या मध्यावर ठेवणाऱ्यांना मात्र तोच कणा टोचतो, त्यांना सी किंवा चपटा डी जवळचा वाटतो. शेवटी पहिल्या फ्रेटपासून पंधराव्यापर्यंत हात सरकवा. काही नेक वर जाताना झपाट्यानं जाड होतात, काही जवळजवळ तसेच राहतात, आणि हे सरकवल्याशिवाय कळत नाही.

लहान हाताला पातळच नेक हवा, हा सल्ला नवशिक्यांना सगळीकडे मिळतो. माझं मत स्पष्टपणे वेगळं आहे. पातळ नेकवर तळव्याला आधार नसतो, मग अंगठा आणि बोटं मिळून चिमट्यासारखी दाबत राहतात आणि अंगठ्याचं बूड लवकर थकतं. थोडा भरलेला नेक तळव्यात टेकतो आणि कितीतरी लहान हातांना तोच तासभर वाजवायला सोपा जातो. पहिल्या दोन मिनिटांत पातळ नेक जिंकतो, अर्ध्या तासानं निकाल फिरतो. म्हणून प्रत्येक गिटारला निदान वीस मिनिटं द्या. एवढा वेळ मिळणार नसेल तर त्या दिवशी निर्णय घेऊ नका.

तुलना करताना हाताला फसवणाऱ्या गोष्टीही बाजूला काढल्या पाहिजेत. एका गिटारवर ९ च्या, म्हणजे बारीक, तारा आणि दुसरीवर ११ च्या, म्हणजे जाड, असतील तर दोष नेकचा नाही. एकीची अॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, जास्त असेल किंवा ट्रस रॉड (नेकच्या आतली ताण देणारी सळई) सैल पडून नेकला बाक आला असेल, तर तो सेटअपचा, म्हणजे जुळवणीचा, प्रश्न. चकचकीत पॉलिशवर घामट हात अडखळतो आणि त्याच आकाराचा मॅट नेक सुळकन सरकतो. नवा, धारदार कडांचा फ्रेटबोर्ड आणि वापरून कडा गोल झालेला फ्रेटबोर्ड यांतही असाच भास होतो. जुन्या धाटणीचे फ्रेट बारीक आणि बुटके असतात. आधुनिक जंबो फ्रेटची सवय असेल तर पहिल्यांदा बोट लाकडाला घासतंय असं वाटेल, आणि त्यालाही लोक नेक आवडला नाही म्हणतात.

पायरी ५: आता टॉप. आधी तो आहे का, ते बघा

फेंडर घराण्यात हा प्रश्न पटकन सुटतो, कारण मूळ टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टरला वेगळा टॉप नसतोच. बॉडी अखंड लाकडाची किंवा दोन-तीन तुकडे जोडून केलेली, आधी ॲशची, आणि १९५६ च्या मध्यापासून सनबर्स्टसाठी ऑल्डरची. पारदर्शक ब्लाँड रंगाला मात्र ॲशच वापरत राहिले, कारण त्याच्या ठळक रेषा रंगातून दिसतात. तेव्हा स्ट्रॅटवर लाटालाटांचा मेपल दिसला तर ती जुनी धाटणी नाही. गिटार वाईट ठरते असं नाही, पण त्या लाटांसाठी विंटेजचे पैसे मोजू नयेत. नव्वदच्या दशकात जपानी फेंडरवर फोटो फ्लेम नावाचं फिनिश आलं होतं, त्यात तर लाटा छापलेल्याच होत्या.

लेस पॉलची गोष्ट वेगळी. तिथे महॉगनीच्या बॉडीवर कोरलेली मेपलची जाड कॅप बसवलेली असते, मध्यभागी साधारण दीड सेंटिमीटर आणि कडेला उतरत पातळ होत गेलेली. १९५२ ते १९५७ पर्यंत या कॅपवर सोनेरी रंग चढायचा, त्यामुळे खालचं मेपल कसं दिसतं याची कोणाला फिकीर नव्हती. कित्येक गोल्डटॉपमध्ये तीन तुकडे किंवा मध्यापासून सरकलेला सांधा सापडतो. १९५८ मध्ये पारदर्शक चेरी सनबर्स्ट आला आणि मगच मध्यभागी जुळवलेले दोन तुकडे दिसू लागले. त्यांतलेही कितीतरी अगदी साधे आहेत. प्रत्येक जुनी सनबर्स्ट लाटांनी भरलेली असते हा समज पोस्टरांनी आणि महागड्या पुनरावृत्त्यांनी पसरवला आहे. ईएस-३३५ चा टॉप तर मुळातच मेपल-पॉपलर-मेपल असा तीन थरांचा, प्लायवुडसारखा दाबून वाकवलेला असतो, आणि मूळ रचनाच ती आहे.

पायरी ६: लाटा वाचायला शिका

मेपलचे तंतू सरळ न वाढता नागमोडी वाढले की कापल्यावर काही ठिकाणी त्यांच्या बाजू दिसतात आणि काही ठिकाणी टोकं. बाजू प्रकाश परतवतात, टोकं तो गिळतात. या उजेड-अंधाराच्या पट्ट्यांना फ्लेम म्हणतात. म्हणजे फ्लेम हा रंग नाही, आणि गिटार हलवली की पट्ट्याही सरकल्या पाहिजेत. एका कोनातून झळाळणारा टॉप दुसऱ्या कोनातून जवळजवळ कोरा दिसतो. खऱ्या लाकडाची ही सर्वांत सोपी खूण आहे. हलवूनही पट्ट्या जागच्या जागीच राहिल्या तर त्या छापलेल्या आहेत.

फळी कशी कापली यावर पट्ट्यांचा स्वभाव ठरतो. वाढवर्तुळं उभी येतील अशी, म्हणजे क्वार्टरसॉन कापली तर पट्ट्या अरुंद, सरळ आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग. फ्लॅटसॉन कापली तर रुंद, तुटक, वेड्यावाकड्या. पन्नाशीतल्या टॉपमध्ये दोन्ही सापडतात, आणि मला स्वतःला हे दुसरे, थोडे अस्ताव्यस्त टॉप जास्त भावतात, कारण त्यांत झाड दिसतं. क्विल्ट, म्हणजे फुगे आल्यासारखा पोत, बहुतेक उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या पानांच्या मेपलचा. तो देखणा असतो, पण जुन्या लेस पॉलच्या धाटणीत तो बसत नाही.

मधला सांधाही बघा. एकच फळी चिरून दोन्ही भाग उघडून जोडले असतील तर डावी-उजवी बाजू एकमेकींची आरशातली प्रतिमा होतात. गंमत अशी की तरीही एक बाजू उजळ आणि दुसरी गडद दिसते, आणि गिटार उलट फिरवली की उजळ बाजू गडद होते, कारण दोन्हीकडचे तंतू प्रकाशाला उलट्या दिशांनी तोंड देतात. हा दोष नाही.

‘एए’, ‘एएए’ अशा प्रतींबद्दल थोडक्यात: या अक्षरांना सर्वांनी मानलेलं कुठलंही एक मोजमाप नाही. प्रत्येक कंपनी आपल्या ढिगातून आपल्या नजरेनं प्रत लावते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत तुलना करायला त्या ठीक आहेत, त्यापुढे त्यांचा उपयोग नाही.

पायरी ७: कॅप की पातळ पापुद्रा?

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, आणि फ्लेमच्या बाबतीत तर फारच. मध्यम किमतीच्या पुष्कळ गिटारवर साध्या मेपलच्या कॅपवर फ्लेम मेपलचा व्हेनिअर चिकटवलेला असतो, एक मिलिमीटरहूनही पातळ. काही ठिकाणी खाली मेपलची कॅपही नसते, थेट महॉगनी असते. व्हेनिअरमध्ये फसवणूक नाही, फक्त तो सांगितलेला असावा. ओळखायचा असेल तर कडेकडे बघा. पन्नाशीच्या लेस पॉलमध्ये कटअवेच्या (वरच्या फ्रेटपर्यंत हात जावा म्हणून बॉडीला दिलेल्या खाचेच्या) आतल्या बाजूला बारीक बाइंडिंगखाली, म्हणजे कडेच्या पट्टीखाली, मेपलची फिकी पट्टी दिसते. काही नंतरच्या मॉडेलांत बाइंडिंग तिथे रुंद करून ती झाकलेली असते. मग पिकअपची चौकट काढून खाचेच्या भिंतीत डोकवा, अर्थात मालकाला विचारून. वर पापुद्र्याची रेघ, खाली साधं लाकूड, हे तिथे स्वच्छ दिसतं. आणखी एक खूण: कोरीव उतार वाढवर्तुळांना छेदत गेला असेल तर त्या रेषा नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या वळणं घेतात. नुसत्या वाकवलेल्या पापुद्र्यात त्या तशा येत नाहीत.

रंगानंही भूल पडते. जुन्या चेरी सनबर्स्टमधला लाल रंग उन्हात उडायचा. त्यामुळे काही गिटार पिवळ्या लिंबासारख्या झाल्या, काही चहाच्या रंगाच्या. आजच्या पुनरावृत्त्या हे उडालेले रंगच मुद्दाम भरून विकतात. फिका रंग लाटा दाखवतो, गडद लपवतो, तेव्हा दोन टॉपची तुलना शक्यतो सारख्या रंगांत करा आणि खिडकीच्या उजेडात करा.

पायरी ८: आवाजाबद्दल

फ्लेम किती आहे यावर आवाज ठरत नाही. साधं मेपल आणि लाटांचं मेपल यांतला फरक ऐकून ओळखता येईल असं मला वाटत नाही. पिकअप, त्यांची उंची, तारा, अॅम्प आणि तुमचा हात यांचं वजन कितीतरी मोठं आहे. एखादी गिटार अॅम्पशिवायही खणखणीत वाजत असेल तर ते चांगलं लक्षण, पण त्याचं श्रेय नेमकं कुठल्या थराला द्यायचं यावर वेळ घालवू नका. तोच वेळ वजनाला द्या. चार किलोच्या आतली लेस पॉल खांद्याला सुसह्य. त्याहून बरीच जड असेल तर उभं राहून वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नका. हलकी असेल तर बॉडी आतून पोकळ्या कोरून हलकी केली आहे का, ते विचारा.

पायरी ९: लांबून घेत असाल तर

गिटार हातात न घेता मागवायची असेल तर विकणाऱ्याकडून पुढच्या गोष्टी मागा: पहिल्या आणि बाराव्या फ्रेटची जाडी, नटची रुंदी, वजन, तारांची जाडी, आणि ट्रस रॉड दोन्हीकडे फिरतो का याचं उत्तर. टॉपचा एकच सुंदर फोटो पुरत नाही. डावीकडून, उजवीकडून आणि उघड्या उजेडात समोरून असे तीन तरी हवेत, किंवा गिटार सावकाश फिरवतानाचा छोटा व्हिडिओ. हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाच्या, मागचा भाग आणि नेक जिथे बॉडीला मिळतो तो कोपरा जवळून मागा, गिब्सन धाटणीत तडा गेला तर बहुधा हेडस्टॉकपाशीच जातो. खरोखर जुनी गिटार दुसऱ्या देशातून येणार असेल तर फ्रेटबोर्ड कुठल्या रोझवुडचा आहे तेही विचारा. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे आणि कागदपत्रांशिवाय ते सीमेवर अडकतं.

आणि परत करायची मुदत किती आहे ते पैसे देण्याआधी लिहून घ्या. गिटार आली की त्याच दिवशी तुमच्या नेहमीच्या जाडीच्या तारा चढवा, अॅक्शन सवयीइतकी करून घ्या आणि मुदत संपेपर्यंत रोज अर्धा तास वाजवा. अंगठ्याचं बूड दुखत राहिलं, तर टॉप कितीही देखणा असला तरी गिटार परत पाठवा.